मुलं लहान आहेत, मध्यवस्ती सोडावी का? आधी तो सहापदरी रस्ता ओलांडून बघा

प्रश्न थोडक्यात असा: नवरा-बायको दोघेही नोकरी करतात, मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. शहराच्या अगदी मध्यावर दोन खोल्यांचं घर. सगळं पायी होतं, गाडी नाही आणि घ्यायची इच्छाही नाही. पण जागा पुरत नाही, मध्यरात्र उलटली तरी रस्ता शांत होत नाही, आणि बाहेर पडल्यावर मुलीचा हात क्षणभर सुटला तरी पोटात गोळा येतो. शहराच्या बाहेरच्या अंगाला, रेल्वेने चाळीसेक मिनिटांवर, त्यांना एक वस्ती आवडली आहे. स्टेशन, छोटी बाजारपेठ, बाग, शाळा सगळं आहे, आणि 'इथे गाडी लागत नाही' अशी तिची ख्याती आहे. दोन घरं पाहून ठेवली आहेत. एक स्टेशन आणि शाळेच्या बाजूला, आत्ताच्यापेक्षा जेमतेम मोठं. दुसरं सहापदरी रस्त्याच्या पलीकडे, ऐसपैस, तीन खोल्या आणि बाल्कनी, भाडं जवळपास तेवढंच. विचारलंय एवढंच, की मुलांसाठी मध्यवस्ती सोडावी का आणि नंतर पस्तावायची वेळ येईल का.

मी वाहतूक नियोजनात बरीच वर्षं काम करते, त्यातही पायी चालणाऱ्यांच्या नजरेने वस्त्यांची पाहणी करणं हे माझं मुख्य काम. घर बदलणारी कुटुंबं हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तो 'शहराचा मध्य की बाहेरचा भाग' असाच मांडलेला असतो. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तो नाही. मध्यवस्तीबद्दल तुमचं मन बऱ्यापैकी ठरलेलं दिसतंय, नाहीतर दोन घरं पाहून झाली नसती. खरा प्रश्न या दोन घरांपैकी कोणतं हा आहे, आणि त्याचं उत्तर खोल्या मोजून मिळणार नाही. मधल्या रस्त्यावर उभं राहून मिळेल.

आधी परिस्थितीनुसार काय बदलतं ते सांगून टाकते, म्हणजे पुढचं किती घ्यायचं ते तुम्हीच ठरवाल. दोघांच्या कचेऱ्या एकाच दिशेला आहेत का, आठवड्यातले किती दिवस जावंच लागतं, अचानक सुटी मिळते का, आणि तुम्ही दोघे सोडून मुलांना ताब्यात घेऊ शकणारं तिसरं माणूस कोण. ते माणूस सध्याच्या घराजवळ राहत असेल, आजी-आजोबा म्हणा, जुनी शेजारीण म्हणा, तर हिशेब बराच बदलतो. त्याची किंमत लोक फार कमी धरतात. तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून तसं कुणी नाही असं धरून चालते.

आता 'सगळं चालत' या ख्यातीबद्दल. चालत म्हणजे कुणी चालत? नियोजनाच्या पुस्तकांत पाच मिनिटांची चाल, म्हणजे साधारण 400 मीटर, हे माप फार जुनं आहे. 1929 मध्ये अमेरिकी नियोजनकार क्लॅरेन्स पेरी यांनी न्यूयॉर्कच्या प्रादेशिक आराखड्यासाठी 'शेजार' या एककाची कल्पना मांडली, तेव्हा मधोमध शाळा आणि तिच्याभोवती पाव मैलाच्या आत घरं असा त्यांचा हिशेब होता. वॉक स्कोअरसारखी, वस्तीला पायी फिरण्याच्या सोयीचे गुण देणारी संकेतस्थळं 2007 पासून आली, तीही पाच मिनिटांच्या आतल्या दुकाना-बागांना पूर्ण गुण देतात आणि अंतर वाढेल तसे कमी करत नेतात. पण ही पाच मिनिटं धडधाकट, मोकळ्या हातांच्या मोठ्या माणसाची असतात. तुमच्या मुलीला त्याच 400 मीटरला दहा मिनिटं धरा. वाटेत मांजर, पायरी किंवा साचलेलं पाणी असेल तर पंधरा. धाकटा अर्ध्या वाटेवर बाबागाडीतून उतरायचा हट्ट धरणार आणि पुढच्या शंभर पावलांत कडेवर यायचा हट्ट धरणार. तेव्हा ज्या गोष्टी रोज लागतात त्या मोठ्याच्या पाच मिनिटांत हव्यात. पंधरा मिनिटांच्या अंतरावरची गोष्ट कागदावर 'चालत' असते, पण लहान मुलांबरोबर ती अर्ध्या दिवसाची मोहीम होऊन बसते.

रोज लागणाऱ्या गोष्टी कोणत्या, याचीही यादी या वयात वेगळी असते. पाळणाघर किंवा बालवाडी, मुलं मोकळी सोडता येतील अशी एक जागा, औषधांचं दुकान, किराणा, आणि कामावर जाण्याचं वाहन जिथे मिळतं ते ठिकाण. बस्स. मध्यवस्तीत तुमच्या पायाशी नाट्यगृह आहे, उशिरापर्यंत उघडी उपाहारगृहं आहेत, पुस्तकांची दुकानं आहेत, आणि त्या सगळ्याचे वस्तीला गुण मिळतात. पण गेल्या सहा महिन्यांत त्यातलं तुम्ही प्रत्यक्ष किती वापरलंत हे एकदा प्रामाणिकपणे आठवून बघा. दोन लहान मुलांचे आईबाप संध्याकाळी सातनंतर घराबाहेर फारसे नसतात, शहराच्या मध्यात असोत नाहीतर टोकाला. म्हणून 'शहर सुटेल' ही भीती या चार-पाच वर्षांपुरती तरी वाटते तेवढी मोठी नाही. पुढे ती मोठी होईल, हे मात्र खरं. मुलं स्वतःची स्वतः झोपायला लागली की तुम्हाला शहर पुन्हा हवंसं वाटेल, आणि तेव्हा चाळीस मिनिटांचा रेल्वेप्रवास खुपेल.

आता रस्त्याकडे येते.

बाहेरच्या बऱ्याच वस्त्या आतून छान असतात. गल्ल्या अरुंद, गाड्या सावकाश, झाडं, ओटे, बाकं. पण त्यांच्या कडेने एक मोठा वाहता रस्ता असतो, आणि तो तिथे चुकून आलेला नसतो. पेरी यांच्या आराखड्यातही मोठे रस्ते वस्तीच्या सीमेवरच ठेवले होते, कारण भरधाव वाहतूक मुलांच्या वाटेत येऊ नये हाच हेतू होता. शाळा सीमेच्या आत असेपर्यंत हे चालतं. वस्ती वाढते, सीमेपलीकडे नवी घरं होतात, जाहिरातीत तीही त्याच वस्तीच्या नावाने विकली जातात, आणि शाळा, बाग, स्टेशन आहे तिथेच राहतं. तुमचं ऐसपैस घर नेमकं अशा ठिकाणी आहे. दोन्ही घरांचा पत्ता एका वस्तीचा असला तरी पायांच्या दृष्टीने ती दोन वेगळ्या गावांत आहेत.

असा रस्ता मी कसा तपासते ते सांगते. सहा पदर म्हणजे प्रत्येकी साडेतीन मीटर धरून 21 मीटर, दुभाजक वेगळा. पादचाऱ्यांच्या सिग्नलची वेळ काढताना माणूस सेकंदाला सुमारे 1.2 मीटर चालतो असं बऱ्याच ठिकाणी गृहीत धरतात. म्हणजे 21 मीटरला साडेसतरा सेकंद. चार वर्षांचं मूल हात धरून, रेंगाळत, सेकंदाला 0.8 मीटरने चालत असेल तर त्याला 26 सेकंद लागतात. उरलेले आठ-नऊ सेकंद सिग्नलने दिले आहेत की नाहीत, हे घड्याळ लावून बघा. दिले नसतील तर मुलं घेऊन तुम्ही रोज दुभाजकावर अडकणार. मग दुभाजक किती रुंद आहे ते बघा. बाबागाडी आणि तिच्या मागे उभं माणूस मिळून दीड-पावणेदोन मीटर लांबी होते. दुभाजक मीटरभराचा असेल तर बाबागाडीची पुढची चाकं एका बाजूच्या रहदारीत आणि तुमची पाठ दुसऱ्या बाजूच्या. हे वाचताना किरकोळ वाटतं, पण पाहणीच्या वेळी आईबापांना तिथे उभं केलं की बहुतेकांचं घराबद्दलचं मत तिथल्या तिथे बदलतं.

मग कोपरा. फुटपाथाचा कोपरा जितका ऐसपैस गोलाईचा, तितकी वळणारी गाडी वेगात येते, कारण तिला ब्रेक दाबायची गरजच पडत नाही. काटकोनाजवळ जाणारा, आखूड गोलाईचा कोपरा गाडीला सावकाश करतो. कोपऱ्यापासून सहा-सात मीटरच्या आत गाड्या उभ्या करून ठेवलेल्या असतील तर ते आणखी वाईट. एकदा खाली बसून मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवरून रस्ता बघा. बर्नार्ड व्हॅन लीर फाउंडेशनचा 'अर्बन 95' नावाचा उपक्रम याच कल्पनेवर उभा आहे: 95 सेंटिमीटर ही साधारण तीन वर्षांच्या मुलाची उंची, आणि त्या उंचीवरून शहर कसं दिसतं हा त्यांचा प्रश्न. तेवढ्या उंचीवरून उभ्या असलेल्या मोठ्या गाडीच्या बॉनेटपलीकडचं काही दिसत नाही, आणि पलीकडून येणाऱ्या चालकालाही मूल दिसत नाही. मोठ्यांना तो कोपरा मोकळा वाटतो, कारण आपण बॉनेटवरून पाहत असतो.

वेगाचं गणित तर निर्दयच आहे. ताशी 30 किलोमीटरने जाणारा चालक मूल दिसल्यापासून, एक सेकंद भानावर यायला धरून, कोरड्या रस्त्यावर साधारण 13 मीटरमध्ये थांबतो. ताशी 50 ला तेच अंतर 28 मीटर होतं. चेंडूमागे धावलेलं मूल वीस मीटरवर दिसलं तर पहिली गाडी आधीच थांबलेली असते आणि दुसरीने नुकता कुठे ब्रेक दाबलेला असतो. म्हणूनच 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात पादचारी आणि वाहनं एकत्र येतात तिथे ताशी 30 ची मर्यादा सुचवली गेली. आणि मुलांना 'नीट बघून ओलांड' असं शिकवून हा प्रश्न पूर्ण सुटत नाही. प्राथमिक शाळेच्या वयात समोरून येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज मोठ्यांसारखा येतच नाही, आणि गाडी जितकी वेगात तितका तो अंदाज जास्त चुकतो. म्हणजे सहापदरी रस्त्यापलीकडे शाळा असेल तर मुलीला पोचवण्याची जबाबदारी ती दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत तुमच्याच अंगावर. धाकट्याचं धरलं तर त्याहून अडीच वर्षं जास्त.

मी लोकांना नेहमी सांगते, घर चार वर्षांच्या मुलासाठी बघू नका, आठ वर्षांच्या मुलासाठी बघा. चार वर्षांचं मूल कुठेही तुमचा हात धरूनच जाणार. फरक पडतो तो पुढे. इंग्लंडमध्ये मेयर हिलमन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1971 आणि 1990 अशा दोन वेळी पाहणी केली. 1971 मध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी 80 टक्के मुलं मोठ्यांशिवाय शाळेत जात होती, 1990 मध्ये हा आकडा 9 टक्क्यांवर आला होता. शाळा काही वीस वर्षांत चंद्रावर गेल्या नव्हत्या. रहदारी वाढली, आईबापांची भीती वाढली, आणि मुलांचं अंगण आकसलं. बाहेरच्या वस्तीत जाण्याचं एकमेव भक्कम कारण माझ्या मते हेच, की ते अंगण थोडं परत मिळतं. मुलगी एकटी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन येते, मैत्रिणीच्या दारावरची घंटी वाजवते, बागेतून अंधार पडायच्या आत परत येते. हे मिळणार नसेल तर मध्यवस्ती सोडून तुम्ही फक्त एक जास्तीची खोली घेताय, आणि तिच्यासाठी रोजचा दीड तास देताय.

शेजाराबद्दलही रस्ताच बरंच ठरवतो. शहररचनाकार डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन सारख्याच दिसणाऱ्या रस्त्यांचा अभ्यास केला होता. एकावर दिवसाला सुमारे 2,000 गाड्या, दुसऱ्यावर 8,000, तिसऱ्यावर 16,000. कमी वर्दळीच्या रस्त्यावरच्या माणसाला आपल्या रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, जास्त वर्दळीच्या रस्त्यावर एकही धड नाही (0.9). ओळखीचे लोकही निम्म्यावर आले होते. तुमच्यासारख्या, तिसरं माणूस हाताशी नसलेल्या कुटुंबाला हे आकडे फार महत्त्वाचे. 'अर्धा तास मुलीला बघाल का?' असं विचारता येईल असा शेजारी तुम्हाला नव्याने कमवायचा आहे, आणि तो भरधाव रस्त्याकाठी सहसा भेटत नाही.

प्रवासाकडे लोक दिवसाची सरासरी धरून बघतात. 'आता वीस मिनिटं लागतात, तिथून चाळीस लागतील, म्हणजे जाऊन-येऊन चाळीस मिनिटं वाढली.' हे ढोबळ गणित ठीक आहे. माणसं दिवसाला एकूण तासाभराचा प्रवास निमूट सोसतात असं इटलीचे भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांनी 1994 मध्ये मांडलं होतं, आणि माझ्या कामातही ते मोठ्या प्रमाणावर खरं दिसतं. पण मुलं असलेल्या घराची सरासरीने दमछाक होत नाही. ती होते आठवड्यातल्या सर्वांत वाईट दिवशी. पाळणाघर संध्याकाळी साडेसहाला बंद होतं, कचेरीतून निघायला पावणेसहा झाले, गाडी बारा मिनिटं उशिरा, आणि जोडीदार दुसऱ्या टोकाला बैठकीत. त्या दिवशी तुमचं घर पाळणाघरापासून किती लांब आहे याने काही फरक पडत नाही. तुम्ही दोघे पाळणाघरापासून किती लांब आहात, यावर सगळं अडतं.

म्हणून दोन गोष्टी आधी ठरवा. पहिली, पाळणाघर कचेरीजवळ की घराजवळ. दोन मुलं असतील तर मी घराजवळ म्हणते. कचेरीजवळचं पाळणाघर सुरुवातीला सोयीचं वाटतं, पण मग गर्दीच्या गाडीत दोन मुलं आणि बाबागाडी घेऊन प्रवास एकाच पालकाच्या गळ्यात पडतो, आणि तो आजारी पडला की सगळंच ठप्प. घराजवळ असेल तर दोघांपैकी कुणीही, आणि पुढे मागे शेजारीणसुद्धा, मुलांना आणू शकते. दुसरी गोष्ट, कामाच्या प्रत्येक दिवशी 'वीस मिनिटांत पोचू शकणारं माणूस' कोण, हे कागदावर वारनिहाय लिहा. ताप आला की पाळणाघर दुपारी बाराला फोन करतं. ज्या वारासमोर कुणाचंच नाव लिहिता येत नाही, तो वार तुमच्या बेतातलं भोक. एखादा वार असेल तर पगारी मदतीने बुजवता येतो. तीन वार असतील तर मी सध्या हलू नका असंच सांगेन, घर कितीही चांगलं असो. आणि हे नाव आपोआप आईचंच लिहिलं जातंय का, तेही बघून घ्या. बहुतेक घरांत तसंच होतं, आणि सहा महिन्यांनी 'हिला नोकरी झेपत नाही' असा निष्कर्ष निघतो, जो खरं तर घर निवडतानाच ठरलेला असतो.

गाडीबद्दल एक वाक्य. तिथे राहायला गेल्यावर गाडी घ्यावीच लागेल असं आजच वाटत असेल, तर ती वस्ती तुमच्यासाठी पायी फिरण्याजोगी नाही. तिची ख्याती इतरांच्या उपयोगाची.

हवा आणि आवाज याबद्दल लोकांची समजूत अशी, की बाहेर गेलं की दोन्ही सुधारतात. तसं आपोआप होत नाही. रहदारीच्या धुराचा सर्वाधिक त्रास मोठ्या रस्त्यापासून पहिल्या काहीशे मीटरमध्ये असतो, मग तो रस्ता शहराच्या मध्यात असो की टोकाला. आवाजाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये रस्त्यावरच्या वाहतुकीच्या आवाजासाठी दिवस-रात्रीची सरासरी (संध्याकाळ-रात्रीच्या आवाजाला जास्त वजन देऊन काढलेली) 53 डेसिबलच्या खाली आणि रात्रीची 45 च्या खाली असावी असं सुचवलं. सहापदरी रस्त्याकडे तोंड असलेल्या बाल्कनीत हे आकडे गाठणं कठीण. 'रात्री रस्ता शांत होत नाही' म्हणून तुम्ही घर सोडताय, आणि दुसरं घर त्याहून रुंद रस्त्याला लागून आहे, हे तुमच्या लक्षात आलं आहे का? घर बघताना खिडक्या बहुधा बंद असतात. उघडून बघा.

वस्ती बघायला रविवारी सकाळी जाऊ नका, तेव्हा प्रत्येक वस्ती गोंडस दिसते. कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाला जा, मुलं घेऊनच, आणि स्टेशनपासून पाळणाघर, तिथून दुकान, तिथून घर असा पूर्ण फेरा पायी करा. हातात सामानाची पिशवी असू द्या. पुन्हा एकदा पावसात जा, आणि एकदा रात्री नऊनंतर, एकट्याने, स्टेशनपासून घरापर्यंत. दिवे चालू आहेत का, फुटपाथ मध्येच संपतो का, उतार कुठे आहे, कुठे गाड्या चढवून ठेवल्या आहेत. बागेत गेलात तर मुलं किती आहेत यापेक्षा मोठ्यांशिवाय आलेली मुलं किती आहेत ते मोजा. आठ-नऊ वर्षांची मुलं आपापली खेळताना दिसली आणि काठी टेकत चालणारी वयस्कर माणसं निवांत रस्ता ओलांडताना दिसली, तर कोणत्याही गुणांकनापेक्षा ती खूण मी जास्त मानते. वयस्करांची चाल आणि मुलांची चाल जवळपास सारखी असते. एकाला जमतं तिथे दुसऱ्यालाही बहुतेक जमतं.

आणि जे आज चालू नाही ते हिशेबात धरू नका. होऊ घातलेला पादचारी पूल, नव्या मार्गिकेचं स्टेशन, मंजूर झालेली शाळा, हे सगळं मी वर्षानुवर्षं नकाशांवर बघते. त्यातलं काही होतंही. पण तुमच्या मुलांचं बालपण त्या वेळापत्रकाची वाट बघणार नाही. उलट मोकळ्या भूखंडावर काय येणार आहे ते मात्र जरूर विचारा, कारण बांधकाम सुरू झालं की पहिला बळी समोरच्या फुटपाथाचा जातो.

प्रत्यक्ष हलण्याबद्दल फार लांबवत नाही. मुलांच्या आयुष्यातले दोन मोठे बदल एका महिन्यात आणू नका. नवं घर आणि नवी शाळा टाळता येत नसतील तर निदान मधे काही आठवडे ठेवा, आणि धाकट्याची डायपरमधून सुटका याच काळात करायला जाऊ नका. नव्या घरात सगळ्यात आधी मुलांचा कोपरा लावा, बाकी खोकी राहू देत. झोपण्याआधीचा क्रम जसाच्या तसा ठेवा. चार वर्षांच्या मुलीला जुन्या घराचा, दुकानदाराचा, शेजाऱ्यांचा रीतसर निरोप घेऊ द्या. तिला कळत असतं. सुरुवातीचे काही आठवडे ती पुन्हा अंथरूण ओलं करेल, चिकटून राहील, बोबडं बोलेल, त्याला घाबरू नका. खरी अडचण बहुधा मोठ्यांची होते. 'आम्ही दर महिन्याला येऊ हं' म्हणणारे मध्यवस्तीतले मित्र दोनदा येतात. म्हणून पहिल्या महिन्यातच बागेत रोज ठरावीक वेळी जायची सवय लावा, म्हणजे तेच तेच चेहरे भेटत राहतील.

तर तुमच्या दोन घरांबद्दल. पलीकडच्या मोठ्या घराला मी नाही म्हणेन, बाल्कनीसकट. अपवाद एकच: रस्ता ओलांडायला पायऱ्यांशिवायची, उजेडाची, लोकांच्या वापरातली सोय आज उभी असेल, आणि सिग्नलची वेळ वर सांगितल्याप्रमाणे पुरत असेल. भुयारी वाटेवर विसंबून राहू नका. ती कशी राखली आहे ते रात्री बघा, दुपारी नाही. अलीकडचं लहान घर, वारांच्या कागदावर एकापेक्षा जास्त भोकं नसतील तर, घ्या. खोली कमी पडते हे खरं, पण शंभर पावलांवर बाग असलेलं लहान घर मुलांच्या दृष्टीने तेवढं लहान राहत नाही, कारण संध्याकाळचे दोन तास ती घरात नसतातच.

भाड्यानेच घ्या, वर्षभराच्या कराराने. विकत घ्यायचा विचार मुलगी पहिलीत गेल्यावर करा, तोवर कोणत्या गल्लीत राहायचं हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही. सगळ्यात आधी मात्र पाळणाघरात दोन्ही मुलांसाठी जागा आहे का ते फोन करून विचारा. बऱ्याच ठिकाणी दोन वर्षांखालच्या मुलांसाठी प्रतीक्षायादी असते, आणि तुमचा मुलगा दीडच वर्षाचा आहे. ती जागा नक्की झाल्याशिवाय घराची अनामत भरू नका.